कातडीबाहेरचं शरीर

अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याचं पिल्लू वजनाला दोन-तीन ग्रॅम भरतं आणि शेपटी धरून चार इंचांच्या आसपास असतं. आई त्याला भेटत नाही. मादी उन्हाच्या जागी जमीन उकरते, वीसेक अंडी घालते, वरून माती सारखी करते आणि निघून जाते. दोन-अडीच महिन्यांनी पिल्लं आपापलं कवच फाडून वर येतात. पहिला एखादा दिवस पोटात उरलेल्या बलकावर निघतो, मग समोर हलेल तो बारीक किडा हेच अन्न. कुठे लपायचं, कधी पळायचं, मोठा सरडा समोर आला तर काय करायचं, हे त्याला कोणी शिकवत नाही आणि तरी ते सगळं येतं.

अंगात नसते ती एकच गोष्ट, ऊब. आपलं शरीर जेवणातला बराचसा भाग जाळून स्वतःला सदतीस अंशांवर ठेवतं. सरड्यानं हा खर्च कधी पत्करलाच नाही. त्याचं पचन, त्याची प्रतिकारशक्ती, त्याच्या हाडांची घडण हे सारं चालतं ते बाहेरून घेतलेल्या उन्हावर. शरीरशास्त्राच्या पुस्तकात सरड्याचं चित्र काढायचं, तर त्यात तापलेला दगड आणि डोक्यावरचं आकाशही काढायला हवं, कारण त्याच्या शरीराचा निम्मा कारभार कातडीच्या बाहेर चालतो. आजारी पिल्लू आपल्या हाती येतं तेव्हा हा बाहेरचा निम्मा भाग बहुतेक वेळा आधीच तुटलेला असतो. पिल्लाला वाचवायचं म्हणजे आधी तो भाग पुन्हा उभा करायचा.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या भागातला. पोगोना विटिसेप्स हे त्याचं शास्त्रीय नाव. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या रुक्ष माळांवर तो कुंपणाच्या खांबावर किंवा वाळक्या फांदीवर ऊन खात बसलेला दिसतो. संकट आलं की गळा फुगवतो, गळ्यावरचे काटे उभे राहतात आणि तो भाग काळाकुट्ट होतो. ती त्याची दाढी. कूळ पाहिलं तर तो आपल्याला परका नाही. आपल्या बागेतला सरडा त्याच अगॅमिडी कुळातला, आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याखालचा निळा-केशरी पंखा उघडून मिरवणारे सरडेही त्यातलेच. त्या पठारी सरड्यांच्या प्रजातीला २०१६ साली शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ हेच नाव देऊन टाकलं.

ऑस्ट्रेलियानं १९६०च्या दशकातच आपल्या वन्य प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर बंदी घातली. म्हणजे युरोप-अमेरिकेत, आणि आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही, काचेच्या पेटीत बसलेला प्रत्येक बिअर्डेड ड्रॅगन बहुतेक करून कधीतरी चोरून बाहेर नेलेल्या मोजक्या सरड्यांचा वंशज आहे. पाळायला सोपा, स्वभावानं शांत, माणसाच्या हातावर तासभर बसणारा, म्हणून त्याची पैदास भरमसाट होते. एका मादीची एका हंगामात अनेक वेळा अंडी, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस पिल्लं, सगळी एका प्लॅस्टिकच्या डब्यात. अशा डब्यात पिल्लं भुकेनं एकमेकांच्या शेपट्या आणि पायांची बोटं चावतात. पालीची शेपटी पुन्हा उगवते, याची उगवत नाही. सोडवून आणलेल्या पिल्लांपैकी कितीतरी जणांचं शेपटीचं टोक नसतं, एखाद-दुसरं बोट कमी असतं, आणि ते तसंच राहतं.

खुद्द ऑस्ट्रेलियात गोष्ट वेगळी. तिथे मांजरानं धरलेलं किंवा रस्त्यात सापडलेलं रानातलं पिल्लू घरी ठेवून घेता येत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये वायर्स ही वन्यजीव बचाव संस्था आहे, तिच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांकडे ते द्यायचं आणि बरं झाल्यावर ते रानात जातं. मांजराचे दात लागले असतील तर जखम दिसायला टाचणीच्या टोकाएवढी असते, पण मांजराच्या तोंडातले जिवाणू आत गेलेले असतात आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर पिल्लू जातं. पुढे जे लिहिलं आहे ते मात्र पेटीत जन्मलेल्या, दुकानात किंवा कुणाच्या घरात हाल झालेल्या पिल्लाबद्दल.

असं पिल्लू कसं दिसतं? डोळे आत गेलेले. कंबरेची हाडं वर आलेली, शेपटीचं बूड चपटं. रंग मळकट, पोटावर गडद अंडाकृती खुणा. धरलं तर धडपडत नाही, आणि ही न धडपडण्याची गोष्टच सगळ्यात वाईट. पाहणाऱ्याला पहिली इच्छा होते ती त्याला खाऊ घालायची. आपल्या घरात आजाऱ्याला पहिल्यांदा पेज पाजतात, तेव्हा ही इच्छा स्वाभाविकच आहे. इथे मात्र तिला आवर घालावा लागतो. गार पडलेल्या सरड्याच्या पोटात गेलेलं अन्न पचत नाही. पाचक रसांची कामं तापमानावर चालतात. ते नसेल तर रातकिडा पोटात तसाच पडून राहतो आणि सडतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, त्यानंतर अन्न.

ऊब द्यायची म्हणजे पेटी सगळीकडून तापवायची असं नाही. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली एक जागा हवी, जिथला दगड चाळीस-बेचाळीस अंशांपर्यंत तापेल. दुसरं टोक पंचवीस-सव्वीसवर. मधे सगळ्या पायऱ्या. पिल्लू पोट दगडाला टेकवून बसतं, अंग चपटं करून पसरतं, कातडीचा रंग गडद करतं, कारण गडद रंग उष्णता लवकर ओढतो. अंग पस्तिसाच्या आसपास आलं की रंग उजळतो. जास्तच झालं तर तोंड उघडं टाकून बसतं, आणि मग उठून सावलीच्या टोकाला जातं. दोन-तीन ग्रॅमच्या जिवाला तापायला वेळ लागत नाही आणि करपायलाही. थंड कोपरा नसलेली पेटी गार पेटीपेक्षा लवकर जीव घेते. कुठे, किती वेळ बसायचं हे पिल्लाला कळतं. आपण फक्त निवडीला वाव ठेवायचा.

हे त्याला किती नेमकं कळतं याचा पुरावा १९७०च्या दशकात अमेरिकेत मिळाला. मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांचे सहकारी वाळवंटी इग्वानांवर काम करत होते. प्रश्न असा होता की थंड रक्ताच्या प्राण्याला ताप येतो का? आपल्याला ताप येतो तेव्हा शरीर आतून भट्टी वाढवतं. ज्याच्याकडे भट्टीच नाही त्यानं काय करावं? त्यांनी इग्वानांना रोगजंतू टोचले आणि गरम-गार टोकं असलेल्या जागेत सोडलं. आजारी इग्वाना चालत गेले आणि नेहमीपेक्षा जवळजवळ दोन अंशांनी गरम जागी जाऊन बसले. त्यांचा ताप त्यांच्या पायांत होता!

पुढचा प्रयोग १९७५ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. जिवंत जंतू टोचलेल्या इग्वानांना चौतीसपासून बेचाळीस अंशांपर्यंत वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत कोंडलं. जितकं तापमान जास्त, तितके जास्त जगले. वर्षभरानं त्यांनी तापावरचं औषध देऊन पाहिलं. ते देऊनही ज्यांनी अंग तापवून घेतलं ते वाचले, ज्यांचा ताप उतरला ते मेले. ताप हा आजाराचा त्रास आहे की शरीराची लढाई, हा वाद माणसांच्या वैद्यकात फार जुना, आणि त्यातला एक खणखणीत पुरावा आणून दिला तो सरड्यांनी.

आता आजारी पिल्लाला खिडकीजवळ गार पेटीत ठेवणं म्हणजे काय, ते पाहा. त्याला तापच येऊ द्यायचा नाही, असा तो प्रकार. सरीसृपांचे डॉक्टर औषध लिहिण्याआधी पेटीचं तापमान विचारतात ते यासाठीच. गार अंगात रक्त हळू फिरतं, यकृत-मूत्रपिंड हळू चालतात आणि प्रतिजैविक पोहोचायचं तिथे पोहोचत नाही. सुई टोचण्याच्या जागेलाही अर्थ आहे. सरड्याच्या मागच्या पायांतलं आणि शेपटीतलं रक्त हृदयाकडे जाताना काही प्रमाणात मूत्रपिंडांतून जातं. तिथे टोचलेलं औषध शरीरभर फिरण्याआधीच बाहेर पडेल किंवा मूत्रपिंडाला बाधेल, म्हणून इंजेक्शन शक्यतो पुढच्या भागात द्यायची पद्धत आहे. या प्राण्याला छाती आणि पोट वेगळं करणारा श्वासपटलाचा पडदा नाही, त्यामुळे खोकताही येत नाही. छातीत कफ झाला तर तो साठतच जातो. नाकाशी बुडबुडे, श्वासाबरोबर टक-टक असा आवाज, मान वर करून घेतलेला श्वास, यातलं काही दिसलं की घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठायचा.

पाण्याची गोष्ट त्याहून मजेची. वाटीतलं स्थिर पाणी कित्येक पिल्लांना पाणी म्हणून ओळखूच येत नाही. जिथे तळी नाहीत अशा मुलखातला हा प्राणी. तिथे पाऊस आला की बिअर्डेड ड्रॅगन मागचे पाय ताठ करून पार्श्वभाग उंच उचलतो, डोकं खाली करतो आणि पाठीवर पडलेलं पाणी खवल्यांच्या फटींतून उतरून तोंडाशी येईपर्यंत तसाच उभा राहतो. पाठ म्हणजेच पन्हळ. ऑस्ट्रेलियातल्या निरीक्षकांनी हे १९८०च्या दशकात लिहून ठेवलं आहे. म्हणून पिल्लाला पाणी पाजायचं ते नाकाच्या शेंड्यावर एक-एक थेंब सोडून. थेंब ओघळून ओठाशी आला की जीभ बाहेर येते. तोंड जबरदस्तीनं उघडायचं नाही. अगॅमिडी कुळातल्या सरड्यांचे बाजूचे दात जबड्याच्या कडेवरच चिकटलेले असतात, तुटले तर पुन्हा येत नाहीत. पाणी पुरेसं जातंय की नाही हे विष्ठेवरून कळतं. सरडे लघवीच्या जागी युरिक आम्लाचा घट्ट पांढरा गोळा टाकतात. तो मऊ आणि पांढरा असेल तर ठीक. पिवळट, नारिंगी, खडूसारखा कडक असेल तर शरीर सुकलेलं आहे. पेटीत वाळूऐवजी साधा टिश्यू पेपर अंथरतात तो यासाठीही: सगळं दिसतं, रोज बदलता येतं आणि पिल्लाच्या पोटात वाळू जाऊन आतडं तुंबत नाही.

सोडवून आणलेल्या पिल्लांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो मात्र हाडांचा आजार. पायाची बोटं आपोआप थरथरतात. चालताना पोट जमिनीवरून उचलत नाही. खालचा जबडा बोटानं हलकेच दाबला तर दबतो. मांड्या कधीकधी चांगल्या गुबगुबीत दिसतात आणि मालक खूश होतो, की बघा, पाय कसे भरलेत. ते मांस नसतं. हाड विरघळून गेलेल्या जागी शरीरानं तंतूंची भरती केलेली असते.

हे का होतं, ते कळायला उन्हाकडेच जावं लागतं. सूर्याच्या किरणांत २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा एक अरुंद पट्टा असतो, त्याला यूव्हीबी म्हणतात. हा पट्टा कातडीवर पडला की कातडीतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडरेणूची एक कडी तुटते आणि ड जीवनसत्त्वाचा कच्चा रेणू तयार होतो. इथे प्रकाशाचं काम संपतं. त्या कच्च्या रेणूला पक्कं व्हायला उष्णता लागते, आणि तीही सरड्याकडे बाहेरूनच येणार. म्हणजे प्रकाश आणि ऊब एकाच वेळी, एकाच जागी मिळाली पाहिजे. रानात दोन्ही एकाच सूर्याकडून येतात. पेटीत दोन दिवे लागतात आणि ते शेजारी-शेजारी लावावे लागतात, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पक्कं झालेलं जीवनसत्त्व यकृतात जातं, तिथे त्याला एक जोड लागते, मूत्रपिंडात दुसरी, आणि मग ते आतड्याला सांगतं की अन्नातलं कॅल्शियम आत घे.

यातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे या यंत्रणेला जास्त झालेलं ओळखता येतं. ऊन फार झालं तर तोच किरण कच्च्या रेणूला दुसऱ्याच, निरुपयोगी रेणूंत बदलून टाकतो. उन्हातून ड जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. तोंडावाटे दिलेल्या थेंबांना अशी झडप नाही. ते जास्त झाले तर कॅल्शियम मऊ अवयवांत साचून बसतं. थेंबांनी उन्हाची बरोबरी होते का, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लांवरच तपासून पाहिलं. २०१०चा तो अभ्यास. रोज यूव्हीबी मिळालेल्या पिल्लांच्या रक्तात जेवढं जीवनसत्त्व आढळलं, तेवढं तोंडावाटे दिलेल्यांच्या रक्तात आढळलं नाही.

यूव्हीबी नसेल तर पिल्लानं कितीही खाल्लं तरी कॅल्शियम आतड्यातून तसंच पुढे निघून जातं. पण हृदयाला आणि स्नायूंना रक्तातलं कॅल्शियम क्षणाक्षणाला लागतं, त्यात उधारी चालत नाही. मग गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडतात. चूल विझू नये म्हणून घराचे वासे काढून जाळावेत, तसा हा व्यवहार. चूल पेटती राहते, आणि घर वाकत जातं. वासेही पुरेनासे झाले की स्नायूंची थरथर सुरू होते; तोवर बराच उशीर झालेला असतो.

या आजारात खलनायक शोधायचा तर तो रातकिडा. पिल्लाला आवडतो, दुकानात मिळतो, मालकाला वाटतं की हेच तर त्याचं नैसर्गिक खाणं. पण पाळीव रातकिड्यात कॅल्शियमच्या सुमारे सातपट फॉस्फरस असतो. हवं ते नेमकं उलटं, फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम. म्हणून किडे पिल्लासमोर सोडण्याआधी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवतात, आणि त्याआधी दिवसभर किड्यांनाच चांगली पालेभाजी खाऊ घालतात, कारण किड्याचं पोट हेच शेवटी पिल्लाचं जेवण. किड्याची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको, हा पाळणाऱ्यांचा जुना नियम. पालेभाज्यांमध्ये पालकाचा मोह टाळावा. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं. बागेतून पकडलेले किडे तर नकोतच, आणि त्यात काजवा मुळीच नको. अमेरिकेतल्या फोटिनस जातीच्या काजव्यांच्या अंगात बेडकाच्या विषाच्या नात्यातली रसायनं असतात. एखादा काजवा गिळून बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या घटना १९९९ साली पशुवैद्यकांनी नोंदवल्या आहेत. मेच्या शेवटी भंडारदऱ्याला काजवे पाहायला आपण झुंडीनं जातो. आपले काजवे वेगळ्या जातीचे आहेत, पण ते प्रयोग करून पाहण्याचं काही कारण नाही.

खिडकीच्या काचेबद्दल एक वाक्य लिहायलाच हवं. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळी अडवते. काचेमागे ऊन खात बसलेला सरडा आपल्याला सुखी दिसतो. त्याला ऊब मिळत असते आणि जीवनसत्त्व शून्य. यूव्हीबीच्या नळीची लबाडी त्याहून वरची. तिचा दिसणारा प्रकाश वर्षानुवर्षं तसाच राहतो, पण न दिसणारा भाग काही महिन्यांत उतरत जातो. डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून पाळणारे नळीच्या टोकाला चिकटपट्टी लावून तीवर बसवल्याची तारीख लिहितात आणि सहा ते बारा महिन्यांत ती बदलतात. परवडत असेल तर यूव्ही निर्देशांक मोजायचं यंत्र घ्यावं, मग अंदाजाचा प्रश्नच उरत नाही.

डॉक्टरकडे एक्स-रे काढला की हाडं काचेसारखी विरळ दिसतात, कुठे न कळत मोडून जुळलेली. तोंडावाटे कॅल्शियम, फारच थरथर असेल तर इंजेक्शन, आणि वर सांगितलेले दोन दिवे. पिल्लू वाढत्या वयात असल्यामुळे हाडं आश्चर्यकारक वेगानं पुन्हा भरतात. वाकलेली मात्र वाकलेलीच राहतात. आखूड जबड्याचे, पाठीला पोक आलेले कित्येक ड्रॅगन पुढे आठ-दहा वर्षं मजेत जगतात.

काही आजारांना दिव्यांचा उपयोग नाही. कॉक्सिडिया नावाचे एकपेशीय परजीवी बऱ्याच ड्रॅगनच्या आतड्यात थोडेफार असतातच. गर्दीच्या, घाणेरड्या डब्यात पिल्लू आपल्याच विष्ठेतून ते पुन्हा-पुन्हा गिळतं आणि त्यांची संख्या हाताबाहेर जाते. ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की निदान होतं आणि औषध आहे. अॅडेनोव्हायरसला मात्र औषध नाही. त्यानं मेंदूला गाठलं तर पिल्लू मान उलटी करून वर पाहत राहतं. अशा पिल्लाला इतर ड्रॅगनपासून कायमचं वेगळं ठेवतात आणि जेवढं होईल तेवढं करतात. माणसांनी आपल्यापुरती एक काळजी घ्यायची: हे सरडे निरोगी असतानाही साल्मोनेला नावाचे जिवाणू बाळगतात, तेव्हा प्रत्येक वेळी हात साबणानं धुवायचे, आणि पेटीची भांडी ओट्यावरच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना हात लावू द्यायचा नाही.

पिल्लाला हातात घ्यायचं तर बाजूनं, खालून. वरून हात नेऊ नये. त्याच्या डोक्याच्या मधोमध, दोन डोळ्यांच्या जरा मागे, एक फिकट ठिपका दिसतो. तो तिसरा डोळा आहे, अगदी खरा. त्याला पारदर्शक पडदा आहे, भिंग आहे, मागे प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा थर आहे. चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली कळते. डोक्यावरून सावली सरकली की पिल्लाच्या हिशेबी ती घार असते, मग हात कितीही मायेचा असो. घाबरलेलं किंवा दबलेलं पिल्लू कधी एक पुढचा पाय उचलून हवेत गोल फिरवतं. आपल्याला वाटतं हाय करतंय. ते म्हणत असतं, मी लहान आहे, माझ्याशी भांडू नकोस.

रात्री सगळे दिवे बंद, लाल दिवासुद्धा. हा हट्ट उगाच नाही. २०१६ साली फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेत झिल लोराँ यांच्या गटानं झोपलेल्या बिअर्डेड ड्रॅगनच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. झोपेचे दोन टप्पे, संथ लहरींचा आणि डोळे हलण्याचा, ज्यात आपल्याला स्वप्नं पडतात, हे तोवर सस्तन प्राणी आणि पक्षी यांचीच मिरास मानली जात होती. सरड्याच्या मेंदूत दोन्ही सापडले. आपलं असं एक आवर्तन दीड तासाचं. त्याचं सुमारे ऐंशी सेकंदांचं, आणि अशी साडेतीनशेच्या घरात एका रात्रीत. म्हणजे ही झोप बहुधा आपल्या आणि सरड्यांच्या सामाईक पूर्वजाइतकी, तीस कोटी वर्षांहून जुनी असावी.

पंधरवडाभरात बऱ्याच पिल्लांचं वजन हलायला लागतं. ते पाहायला ग्रॅमचे दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा, स्वयंपाकघरातला पुरत नाही. पिल्लू रातकिड्याच्या मागे धावायला लागलं की घरात नाव ठेवायची घाई होते, आणि प्रश्न येतो की हा आहे का ही आहे. काही महिने तरी ते कळत नाही. मग शेपटीच्या बुडाशी दोन उंचवटे दिसले तर नर, मधे एकच असेल तर मादी. पण या खुणेखाली काय दडलं आहे ते ऐका. या जातीत नराची लिंगगुणसूत्रं झेड-झेड, मादीची झेड-डब्ल्यू. अंडी बत्तीस अंशांहून गरम जागी उबली, तर झेड-झेड पिल्लंही मादी होऊन बाहेर येतात आणि पुढे अंडीसुद्धा घालतात. प्रयोगशाळेत हे आधीच माहीत होतं. २०१५ साली कॅनबेरा विद्यापीठाच्या क्लेअर हॉलेली आणि सहकाऱ्यांनी रानातले १३१ प्रौढ ड्रॅगन तपासले, त्यात ११ माद्या अशा निघाल्या. त्यांची झेड-झेड नरांशी जोडी लावली तर पिल्लांत डब्ल्यू गुणसूत्र उरलंच नाही, आणि एका पिढीत सगळा निवाडा तापमानाकडे गेला. तेव्हा उंचवटे पाहून ठेवलेलं नाव शरीरापुरतं बरोबर असेल. गुणसूत्रं काय म्हणतात ते जनुकीय चाचणी केल्याशिवाय कळणार नाही, आणि दुकानदारानं अंडी किती अंशांवर उबवली होती, हे विचारायला आता कोणी त्याच्याकडे परत जात नाही.